फाटकाआडची कुत्री आणि रस्त्यावरची कुत्री : सिंहगड रस्त्यालगतच्या एका गल्लीचे प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या मागच्या अंगाला, कालव्याच्या दिशेने आत जाणाऱ्या एका गल्लीत २०२४ च्या दिवाळीनंतर कुत्र्यांच्या त्रासावरून जो वाद पेटला, तो पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत धुमसत राहिला. या काळात एका मुलीचे मनगट मोडले, घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या एका महिलेला खोल चावा बसला, दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले आणि एका टप्प्यावर विष घालण्याची भाषाही उघडपणे झाली. तोडगा काढण्यासाठी गल्लीतील सोसायट्यांनी जी छोटी समिती नेमली, तिच्यात मी होतो. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, ‘कुत्र्यांचा त्रास’ या एकाच नावाखाली प्रत्यक्षात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. प्रत्येकाला जबाबदार असलेला माणूस वेगळा होता, लागू होणारा कायदा वेगळा होता, आणि ही गुंतागुंत सुटेपर्यंत एकाही अर्जातून किंवा बैठकीतून काही निष्पन्न झाले नाही. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही खुणा गाळल्या आहेत.

गल्ली आणि तिच्यातील कुत्री

गल्लीत पाच सहकारी सोसायट्या, तीन जुने बंगले आणि पुनर्विकासासाठी जमीनदोस्त केलेल्या एका इमारतीचा पत्रे लावून बंदिस्त केलेला भूखंड आहे. मुख्य रस्त्याच्या तोंडाशी चिकनचे दुकान आहे. पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले, त्यानंतर कालव्याकडे फिरायला निघालेले ज्येष्ठ नागरिक, मग कचरा नेणाऱ्या ताई, शाळेच्या व्हॅन, स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या बायका, संध्याकाळी क्लासहून परतणारी मुले आणि रात्री जेवणाची पार्सले पोहोचवणारे दुचाकीस्वार, असा या गल्लीचा दिनक्रम आहे.

कुत्र्यांचे तीन गट होते. पहिला गट तोंडाशी, दुकानाच्या आसपास वावरणाऱ्या गावठी कुत्र्यांचा. त्यांना एका सोसायटीतील काकू रोज रात्री दहाच्या सुमारास दूधभात आणि चिकनचे पाय घालत असत. दुसरा गट बांधकामाच्या जागेवरचा. तेथील रखवालदाराने सोबतीला दोन कुत्री ठेवली होती, म्हणजे त्यांना तो जेवणातले उरलेसुरले घालत असे आणि रात्री पत्र्याचा दरवाजा अर्धवट उघडा ठेवून झोपत असे. थंडी सुरू होताच त्यांपैकी कुत्रीने तेथेच, रचून ठेवलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांखाली पिल्ले घातली. तिसरा गट म्हणजे कोपऱ्यावरच्या बंगल्यातील दोन पाळीव कुत्री, एक रॉटवायलर आणि एक अल्सेशियनच्या मिश्र जातीचे. बंगल्यात सत्तरी ओलांडलेले पती-पत्नी राहतात. शेजारच्या वसाहतीत घरफोडी झाल्यावर परदेशी असलेल्या मुलाने आईवडिलांच्या सुरक्षिततेसाठी ही कुत्री घेऊन दिली होती. चाळीस किलोंच्या वर वजन असलेले रॉटवायलर दोघांपैकी कोणालाही पट्ट्याने आवरणे शक्य नव्हते, त्यामुळे ते फिरायला कधी नेलेच जात नसे. सकाळी कामाला येणारा एक मुलगा खाणे-पिणे आणि साफसफाई करी. बाकीचा सारा वेळ कुत्री कुंपणाच्या आत मोकळी असत.

या बंगल्याचे कुंपण गजांचे, आरपार दिसणारे. कुंपणालगत आतल्या बाजूला हातभर रुंदीचा एक पट्टा पूर्ण उघडा पडला होता. बाकी अंगणात गवत, पण येथे नुसती टणक, गुळगुळीत झालेली माती. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर दोन्ही कुत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत भुंकत धावत, त्याची ती खूण होती. यात वाटते त्यापेक्षा अधिक काही घडत असते. माणूस समोरून येतो, कुत्रे भुंकते, आणि माणूस अर्थातच पुढे निघून जातो. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र आपण भुंकलो म्हणून तो पळाला. दिवसातून शेकडो वेळा हा अनुभव आला की ती सवय पक्की होते आणि अडथळ्यामुळे येणारी चिडही साठत जाते. अशा कुत्र्याला एखाद्या दिवशी अडथळाच उरला नाही तर काय होईल, याचा अंदाज कोणालाही बांधता आला असता.

घडलेल्या घटना

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकरावीतील एक मुलगी रात्री क्लासहून स्कूटीवरून परतत असताना गल्लीच्या तोंडाशी तिच्या मागे तीन-चार कुत्री लागली. तिने वेग वाढवला, खडीवर चाक घसरले आणि मनगटाचे हाड मोडले. कुत्र्यांनी तिला स्पर्शही केला नव्हता. ती पडताच कुत्री जागच्या जागी थांबली, असे दुकानदाराने नंतर सांगितले. ही घटना सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर ‘भटक्या कुत्र्यांचा मुलीवर हल्ला’ अशी फिरली.

दुसरी घटना जानेवारीतील. कचरा गोळा करणाऱ्या ताई सकाळी बंगल्यासमोर ढकलगाडी लावून बादली उचलायला वाकल्या असताना सरकते फाटक आतून ढकलले गेले आणि रॉटवायलरने त्यांच्या पोटरीला धरले. कामाचा मुलगा आतून धावत येईपर्यंत कुत्र्याने पकड सोडली नव्हती. त्या नंतर म्हणाल्या, “फाटक लावल्यालं दिसत व्हतं दादा, म्हणून तर मी वाकले.” त्यांचे म्हणणे खरे होते. फाटकाच्या रुळात वाळू आणि पालापाचोळा साचल्यामुळे ते शेवटपर्यंत सरकत नसे, चार बोटांची फट राही आणि कडी लागत नसे. लांबून पाहणाऱ्याला फाटक बंद वाटे; कुत्र्याला मात्र त्या फटीत नाक घालून ते बाजूला सारता येत होते.

या जखमेवर पहिल्या पाच मिनिटांत काय झाले, ते नोंदवणे आवश्यक आहे. कोणीतरी हळद आणली, कोणी चुना लावायला सांगितले, आणि तिखट भरण्याचा सल्ला देणारेही भेटले. पुण्यासारख्या शहरात, पदवीधरांनी भरलेल्या गल्लीत हे घडले. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत जातो आणि तेथून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. तो तंतूंपर्यंत पोहोचण्याआधी जखमेतून शक्य तितका धुऊन काढणे हा पहिला उपचार आहे. त्यासाठी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवावी लागते. हळद, चुना, तिखट यांनी जखम चुरचुरते आणि विषाणू आत ढकलला जाण्याचीच शक्यता वाढते. सुदैवाने समोरच्या इमारतीतील एका परिचारिकेने ताईंना बाहेरच्या नळावर बसवून जखम नीट धुतली. त्वचा फाटून रक्त आलेला चावा हा सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतला मानला जातो. त्यात लसीबरोबरच जखमेत आणि तिच्या भोवती रेबीजविरोधी सिरमही टोचावे लागते, कारण लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात आणि तेवढा काळ तयार प्रतिपिंडांची गरज असते. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीने लसीचे डोस पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावे लागतात. ताईंना लस आणि सिरम सरकारी रुग्णालयात मोफत मिळाले, पण बुडालेली मजुरी, रिक्षाभाडे आणि जखम चिघळू नये म्हणून घेतलेली औषधे यांचा भार त्यांच्यावरच पडला.

बंगल्यातील काकांनी त्या दिवशी पाचशे रुपये पुढे केले आणि वर म्हणाले, “आमच्या कुत्र्यांचं सगळं लसीकरण झालेलं आहे, काळजीचं काही कारण नाही.” लसीची पुस्तिका मागितल्यावर ती कपाटातून शोधून आणण्यात आली. तिच्यातील शेवटचे लेबल जवळजवळ दोन वर्षांपूर्वीचे होते. कुत्र्याचे लसीकरण वेळच्या वेळी झालेले असले तरी चावलेल्या माणसाचे उपचार थांबवायचे नसतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. लाळेतून विषाणू बाहेर पडू लागला असेल, तर या मुदतीत कुत्र्यात लक्षणे दिसतात आणि ते मरते. दहा दिवसांनंतर कुत्रे ठणठणीत राहिले, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही असे मानून डॉक्टर पुढचे उपचार ठरवतात. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत हे लक्ष ठेवणे सोपे असते, आणि म्हणूनच मालकाने कुत्रे त्या काळात गावी किंवा फार्महाउसवर पाठवून देणे अत्यंत चुकीचे ठरते. येथे काकांच्या मुलाने फोनवरून नेमके तेच सुचवले होते. परिचारिकेने आणि कुत्र्यांच्या पशुवैद्याने समजावल्यावर ते टळले.

तक्रार कोठे अडली

दोन्ही घटनांनंतर सोसायट्यांनी मिळून एक अर्ज तयार केला. त्यात ‘परिसरातील मोकाट व हिंस्र कुत्र्यांचा कायमस्वरूपी बंदोबस्त करावा’ अशी मागणी होती आणि खाली शंभराच्या आसपास सह्या होत्या. महापालिकेचे पथक आले, त्याने कानाला खाच नसलेली, म्हणजे नसबंदी न झालेली, दोन कुत्री पकडून नसबंदीसाठी नेली आणि काही दिवसांनी तेथेच परत आणून सोडली. गल्लीत संतापाची लाट उसळली. वास्तविक पथकाने नियमाप्रमाणेच काम केले होते. २००१ च्या नियमांच्या जागी आलेल्या २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पकडले त्याच जागी सोडावे लागते. अर्जात बंगल्याचा उल्लेख नव्हता, फाटकाचा नव्हता, चावलेल्या कुत्र्याला मालक आहे याचाही नव्हता. बंगल्यातील काका गल्लीतले जुने, सर्वांच्या अडीअडचणीला धावून जाणारे गृहस्थ. त्यांचे नाव कागदावर घेणे कोणालाच रुचेना. रस्त्यावरच्या कुत्र्यांना असा कोणताही संकोच आड येत नव्हता, म्हणून सगळा दोष त्यांच्या नावावर जमा झाला.

समूहावर या काळात जे चालले होते, त्याचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. खाऊ घालणाऱ्या काकूंना ‘आधी माणसांवर प्रेम करा’ असे सुनावले गेले, त्यांनी प्राणी संघटनांना बोलावण्याची धमकी दिली, आणि एका सद्गृहस्थांनी कुत्री रात्रीत टेम्पोत भरून घाटात सोडून द्यावीत किंवा ‘लाडवातून काहीतरी द्यावे’ असे लिहिले. हे वाक्य लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसावे की, जनावराला विष देऊन मारणे किंवा अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेस पात्र असलेला गुन्हा आहे आणि त्याने तो लेखी स्वरूपात सुचवला होता. दुसऱ्या एकाने मार्च २०२४ मधील केंद्राचे परिपत्रक पाठवले, ज्यात रॉटवायलर, पिटबुल आदी तेवीस जातींच्या पाळण्यावर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले होते. परिपत्रक खरे होते, पण कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्येच रद्द केले होते. त्यामुळे ‘बंदी असलेली जात’ हा मुद्दा पुढे करून काकांशी भांडण्यात वेळ गेला आणि हाती काही लागले नाही. माझ्या मते जातीचा मुद्दा तेथे गौणच होता. त्या फाटकाआड त्याच अवस्थेत वाढलेले कोणतेही दांडगे कुत्रे तेवढेच धोकादायक ठरले असते.

नोंदवही

समितीने फेब्रुवारीत केलेले पहिले काम म्हणजे नोंदवही. पाचही सोसायट्यांच्या सुरक्षारक्षकांकडे एकेक वही ठेवली आणि रहिवाशांबरोबरच गल्लीत कामाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की, कुत्र्याबाबत काहीही घडले तर वेळ, जागा, कोणते कुत्रे, तुम्ही काय करत होता आणि कुत्र्याने नेमके काय केले, एवढेच लिहा किंवा लिहून घ्या. ‘काय केले’ या रकान्यात चार शब्द ठरवून दिले होते: भुंकले, मागे लागले, अंगावर आले, चावले.

मार्चअखेर वह्या एकत्र वाचल्या तेव्हा चित्र बदलले. निम्म्याहून अधिक नोंदी नुसत्या भुंकण्याच्या होत्या. मागे लागण्याच्या नोंदी जवळजवळ सगळ्या गल्लीच्या तोंडाशी, रात्री साडेनऊ ते अकरा या वेळेतल्या आणि दुचाकींच्या होत्या. काकूंची खाऊ घालण्याची वेळ आणि जागा तीच. अन्नाभोवती जमलेली, आपसांत मानापमान चाललेली कुत्री त्या वेळी आधीच उत्तेजित असतात आणि वेगाने जाणारे चाक दिसले की धावतात. अंगावर येण्याच्या नोंदी बांधकामाच्या पत्र्याजवळच्या, पहाटेच्या, आणि त्या एकाच कुत्रीच्या, जिची पिल्ले आत होती. दात लागल्याच्या नोंदी मात्र तीन होत्या आणि तिन्ही बंगल्याच्या फाटकाशी. त्यांतील दोन पार्सल घेऊन आलेल्या मुलांच्या होत्या. गजांतून पिशवी आत देताना कुत्र्याने बोट पकडले होते आणि दोघांनीही तक्रार केली नव्हती. एकाने तर लसही घेतली नव्हती. सुरक्षारक्षकाने त्याचा फोन नंबर मिळवून त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवले. उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते.

या वह्यांतून समोर आलेली आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करणारी वाटली. समूहावर सर्वाधिक तक्रारी करणारे आणि प्रत्यक्ष धोका पत्करणारे हे वेगळे लोक होते. ज्यांना चावे बसले त्यांपैकी एकही जण गल्लीत राहत नव्हता, कोणत्याही बैठकीत बसत नव्हता आणि फाटक कोणाचे आहे याचा विचार न करता ते वाजवणे हे त्याचे रोजचे काम होते.

बंगला

येथे अडचण अशी की, स्वतंत्र बंगला कोणत्याही सोसायटीचा सभासद नसल्यामुळे सोसायटीचे ठराव किंवा नियम त्याला लागू नव्हते. सोसायटीतील सदनिकाधारकाच्या बाबतीतही कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने तसे स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘कुत्री काढून टाका’ ही मागणी समितीने सोडून दिली आणि ‘कुत्री बाहेर येणार नाहीत याची व्यवस्था करा’ ही धरली. या मागणीला कायद्याचा भक्कम आधार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्याइतकी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक जनावर बंदिस्त करण्याचा किंवा अन्यथा त्याची व्यवस्था लावण्याचा सशर्त आदेश मालकाला देऊ शकतात. शिवाय महापालिका हद्दीत कुत्रे पाळण्यासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचे चालू प्रमाणपत्र द्यावे लागते.

एप्रिलमध्ये समितीतील दोघे जण नोंदवहीतील तीन नोंदींच्या प्रती, ताईंचे उपचाराचे कागद आणि फाटकाच्या रुळाचा फोटो घेऊन काकांकडे गेले. संवाद सोपा नव्हता. “मी चाळीस वर्षं या गल्लीत राहतोय, तुम्ही मला कलमं दाखवणार?” असे काका म्हणाले. काकांच्या पत्नी मात्र म्हणाल्या की, फाटक नीट लागत नाही हे त्या कितीतरी दिवसांपासून सांगत होत्या, आणि स्वतःच्या अंगणात त्यांना स्वतःलाच जायची भीती वाटते. त्या एका वाक्यानंतर चर्चेचा रोख बदलला. पोलीस चौकीत अर्ज देण्याची वेळ आली नाही, पण तो तयार आहे हे काकांना ठाऊक होते; तेवढे ठाऊक असणे आवश्यक होते, असे मला आजही वाटते.

मे महिन्यात झालेली कामे अशी: रूळ साफ करून फाटकाला आपोआप बसणारी कडी लावली, फाटकाच्या आत सहा फुटांवर जाळीचे दुसरे फाटक बसवले, म्हणजे एक उघडले तरी दुसरे बंद राहील, रस्त्याकडील गजांना साडेपाच फूट उंचीपर्यंत आतून पत्रा लावला, ज्यामुळे येणारे-जाणारे दिसेनासे झाले, टपाल, पार्सल आणि कचऱ्याची बादली यांसाठी भिंतीत बाहेरून उघडणारा कप्पा केला. दोन्ही कुत्र्यांच्या लसी झाल्या, परवाने निघाले. एक प्रशिक्षक आठवड्यातून तीनदा येऊन रॉटवायलरला तोंडाला जाळी बांधून पहाटे फिरवू लागला. काठी उगारून किंवा गळ्याला काटेरी पट्टा आवळून कुत्र्याला ‘सरळ करणारे’ प्रशिक्षक स्वस्तात मिळतात. तशा मार्गाने कुत्रे गुरगुरणे सोडते आणि इशारा न देता चावू लागते, म्हणून पशुवैद्याने सुचवलेला, खाऊ देऊन शिकवणारा प्रशिक्षक निवडला गेला. पत्रा लावल्यानंतर भुंकणे पंधरवड्यात लक्षणीय कमी झाले. ताईंच्या नुकसानभरपाईबाबत काकांनी बरीच घासाघीस केली आणि अखेर बुडालेल्या मजुरीसह खर्चाची रक्कम दोन हप्त्यांत द्यायचे मान्य केले.

रस्त्यावरची कुत्री

हा भाग तुलनेने सोपा निघाला, कारण प्रश्न आता ‘कुत्री’ असा मोघम न राहता ‘रात्री दहाचे खाणे’ आणि ‘फळ्यांखालची कुत्री’ इतका नेमका झाला होता. २०२३ च्या नियमांतील २०व्या नियमानुसार, रहिवासी संघटनेने खाऊ घालण्यासाठी जागा आणि वेळ ठरवून द्यायची असते. ती जागा जिने, प्रवेशद्वारे, मुलांचे खेळण्याचे मैदान आणि ज्येष्ठांच्या वर्दळीपासून दूर असावी लागते. मतभेद झाल्यास पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी कल्याण संस्था, तक्रारदार आणि रहिवासी यांच्या प्रतिनिधींची समिती निर्णय देते. येथे तितके ताणण्याची वेळ आली नाही. कालव्याकडच्या बंद टोकाशी, पडीक कुंपणाजवळ रात्री सव्वाअकराला खाणे घालायचे ठरले. काकू सुरुवातीला रुसल्या होत्या, पण नोंदवहीतील वेळांचा कागद पाहिल्यावर त्यांनी स्वतःच विचारले की, उरलेले उचलून जागा धुवायला सोसायटीचा माणूस मिळेल का. चिकन दुकानदाराने टाकाऊ भाग झाकणाच्या पिंपात ठेवण्याचे मान्य केले. ते तो बहुतेक वेळा पाळतो. अन्नाचा हा स्रोत तसाच राहिला असता, तर कुत्री कितीही हलवली तरी त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली असती.

नसबंदीसाठी या वेळी दिलेल्या अर्जात प्रत्येक कुत्र्याचा रंग, खूण, ते सहसा कोठे आणि किती वाजता सापडते, याची यादी आणि फोटो होते. काकूंच्या हाकेला येणारी कुत्री त्यांनीच थांबवून धरली, त्यामुळे पथकाचे काम एका सकाळी उरकले. पिल्ले अंगावर पीत असताना आईला नेता येत नाही, म्हणून बांधकामावरच्या कुत्रीला तोपर्यंत वगळले आणि पत्र्याजवळून जाणाऱ्यांना पलीकडच्या बाजूने जाण्यास सांगणारा फलक लावला. नसबंदीने कुत्र्याचा स्वभाव जादूने बदलत नाही, हे सभासदांना स्पष्ट सांगावे लागले. माजाच्या काळातील झुंडी आणि पिल्लांच्या रक्षणासाठी होणारे हल्ले कमी होतात, संख्या हळूहळू घटते, आणि परिसरातील साधारण सत्तर टक्के कुत्र्यांचे लसीकरण टिकवले तर रेबीजची साखळी तुटते. परंतु रात्री दुचाकीमागे धावणारे कुत्रे नसबंदीनंतरही धावू शकते. त्यावर वेग कमी करणे हाच चालकाच्या हातातला उपाय आहे.

ऑगस्टमधील कलाटणी

सर्व काही मार्गी लागत असताना ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आणि रस्त्यावर परत न सोडण्याचा आदेश दिला. आदेश दिल्लीपुरता होता, पण गल्लीतील जुना गट लगेच जागा झाला आणि खाणे घालण्याची ठरलेली जागा उखडून टाकावी, अशी मागणी करू लागला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, वाटेल तेथे रस्त्यावर खाऊ न घालता त्यासाठी जागा निश्चित कराव्यात. या वेळी प्रकरणाची व्याप्ती देशभर करण्यात आली. मग काकूंच्या बाजूच्या लोकांनी विजय साजरा केला, तोही घाईचाच. कारण ‘आक्रमक’ कुत्रे कोणते हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, हा प्रश्न व्यवहारात शिल्लक राहतो. आमच्याकडे नोंदवही असल्यामुळे त्याचे उत्तर निदान चाचपडत तरी देता आले. रस्त्यावरच्या एकाही कुत्र्याच्या नावावर चाव्याची नोंद नव्हती, म्हणून कोणालाही उचलण्याची मागणी समितीने केली नाही. ही भूमिका दोन सोसायट्यांना पटली नाही आणि त्यांनी स्वतंत्र पत्र पाठवले.

सप्टेंबर २०२५ अखेरची स्थिती

जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत वह्यांत चाव्याची एकही नोंद नाही. दुचाकीमागे धावण्याच्या नोंदी कमी झाल्या आहेत, थांबलेल्या नाहीत. पावसात कुत्री दुकानाच्या पत्र्याखाली परत जमतात तेव्हा त्या वाढतात. स्कूटीवरून पडलेल्या मुलीचे वडील तिला अजूनही रात्री गल्लीच्या तोंडापर्यंत घ्यायला जातात. ताईंना भरपाईचा पहिला हप्ता मिळाला, दुसरा गणपतीनंतर देतो म्हणून सांगितले गेले आणि त्याचा पाठपुरावा चालू आहे. आता कोणत्याही फाटकासमोर त्या आधी गाडीच्या दांड्याने गज वाजवतात आणि मगच वाकतात.

बांधकामावरची कुत्री अद्याप पकडली गेलेली नाही. तिची पिल्ले वेगळी झाली, दोन दत्तक गेली, पण जुना रखवालदार काम सोडून गेल्यावर ती कोणाच्याही हाती लागेनाशी झाली आहे आणि येत्या थंडीत पुन्हा पिल्ले घालील असा रंग आहे. तिची जबाबदारी कोणाची, यावर विकसक आणि भूखंडाची मूळ सोसायटी एकमेकांकडे बोट दाखवतात. शेजारची आणखी एक इमारत पुढील वर्षी पाडली जाणार आहे. तिच्या विकसन करारात, जागेवर रखवालीसाठी ठेवलेल्या किंवा खाऊ घालून सांभाळलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद, नसबंदी आणि लसीकरण विकसकाने स्वखर्चाने करावे, असे कलम घालण्याचा मसुदा समितीने त्या सोसायटीच्या कार्यकारिणीकडे दिला आहे. सर्वसाधारण सभा अजून व्हायची आहे.